जागल : मारण्यावांचून जनावर परतविण्याची विद्या

तीन वर्षांपूर्वींच्या आश्विनांतील गोष्ट. एके दिवशीं सकाळीं माझा एक जुना विद्यार्थी माझ्या ओसरीवर येऊन बसला. मुरबाड तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं त्याचीं दोन भातखाचरें आहेत. दाणा नुकता चिकांत आला होता, आणि रानडुकरांच्या कळपानें तीन रात्रींत एका खाचराचा पार चिखल केला होता. चवथ्या रात्रीं, पुष्कळजण करतात तेंच त्यानें केलें. बांधाच्या कडेनें उघडी तार ओढली आणि तींत घरची वीज सोडली. डुकरें त्या रात्रीं आलींच नाहींत. पहाटे दावें तोडून सुटलेला त्याचा स्वतःचा बैल मात्र त्या तारेवर गेला आणि जागच्या जागीं आडवा झाला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “बैलाच्या जागीं माझा पोरगा असता. तार मीं तेव्हांच काढून टाकली. पण डुक्कर मारायचें म्हटलें तर परवानगीशिवाय मारतां येत नाहीं, आणि राखायला बसायचें म्हटलें तर घरांत माणूस नाहीं. मग आम्हीं करायचें तरी काय?”

त्या दिवशीं मीं त्याला चहा पाजला. उत्तर कांहीं देतां आलें नाहीं. पण प्रश्न मनांतून जाईना. ज्यानें जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, त्याला उत्तर शोधायला मागें वळून पाहण्यापलीकडे दुसरा मार्ग कोणता? जनावराला न मारतां शेतापासून आणि गोठ्यापासून दूर ठेवण्याच्या युक्त्या माणसानें कोणत्या योजिल्या, त्या कां चालल्या आणि कां फसल्या, हें मी पाहूं लागलों. जें सांपडलें तें आज आपल्यापुढें मांडणार आहें.

ही विद्या आमच्या भागांत किती जुनी आहे, याची खूण आमच्या डोंगरांतच आहे. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें गांवाजवळून नाणेघाट वर चढतो आणि जुन्नरास जातो. घाटाच्या माथ्यावर जें लेणें आहे, त्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. त्याला सुमारें दोन हजार वर्षें झालीं. ह्याच सातवाहन कुळांतील हाल राजाच्या नांवावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतांतील गाथांचा संग्रह परंपरेनें चालत आला आहे. त्या संग्रहांत राजवाड्यापेक्षां खेडेंच अधिक आहे. पिकलेल्या साळीच्या शेताची राखण करणाऱ्या स्त्रिया तेथें वारंवार भेटतात. म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेंत जें सर्वांत जुनें काव्य आपणांस उपलब्ध आहे, त्यांतहि शेत राखणारें माणूस उभें आहे.

शास्त्रग्रंथांतहि ह्या विषयाची दखल आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गुरांच्या अध्यक्षाचीं कर्तव्यें सांगणारा एक अध्याय आहे. सर्प आणि हिंस्र पशु बुजून दूर राहावे, आणि गुरें कोठें चरत आहेत तेंहि कळावें, म्हणून भित्र्या गुरांच्या गळ्यांत घंटा बांधावी, असें त्यांत सांगितलें आहे. एकाच घंटेचीं हीं दोन कामें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं. एक काम जनावराला बुजविण्याचें, आणि दुसरें माणसाला खबर देण्याचें. पुढें आपण पाहणार आहों कीं आजचीं नवीं यंत्रेंहि हींच दोन कामें करतात. आणि ज्या यंत्राला दुसऱ्या कामाचा विसर पडतो, तें यंत्र थोड्याच दिवसांत निरुपयोगी ठरतें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत कुंपणाविषयीं एक नियम आहे. शेताची वई इतकी उंच असावी कीं उंटाला तिच्यावरून आंत पाहतां येऊं नये, आणि कुत्र्याला किंवा डुकराला तोंड घालतां येईल असें एकहि भोंक तींत राहूं नये, असा त्याचा आशय आहे. हा नियम ज्यानें केला त्याला डुकराची रीत पक्की ठाऊक असली पाहिजे. डुक्कर कुंपणावरून उडी मारण्याच्या भरीस सहसा पडत नाहीं. तें मुस्कट खालून घालतें आणि वर उचलतें. आमच्याकडे करवंदीच्या आणि बोरीच्या फांद्यांची जी वई घालतात, तिची खालची बाजू दाट ठेवतात ती याचसाठीं.

आतां ग्रंथ बाजूला ठेवून आपल्या शिवारांत येऊं. शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्याचे डोंगरी तालुके. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, मध्यें माहुलीचा किल्ला, तानसा आणि भातसा हीं धरणें, आणि रानाला लागून वस्ती. येथील शेत रानापासून वेगळें काढतां येत नाहीं. खाचराचा शेवटचा बांध जेथें संपतो तेथेंच साग आणि ऐन सुरू होतात. म्हणून भात निसवलें कीं शेतांत माळा उभा राहावयाचा. चार मेढी, वर फांद्यांची बैठक आणि त्यावर पेंढा, एवढाच त्याचा थाट. मी लहानपणीं आजोबांबरोबर माळ्यावर पुष्कळ रात्रीं निजलों आहें. निजलों म्हणणें खरें नव्हे, कारण आजोबा निजूं देत नसत.

त्यांच्याजवळ साधनें होतीं तीं अशीं : एक अंबाडीच्या दोरीची गोफण, एक फुटका पत्र्याचा डबा, एक टेंभा आणि एक कुत्रा. गोफणीचा धोंडा जनावराला लागावा असा हेतु क्वचितच असे. दोरीचा फटकारा आणि झाडोऱ्यांत पडलेल्या धोंड्याचा आवाज, एवढ्यानेंच काम होई. पण ह्या साधनांपेक्षां त्यांच्या वापराचे नियम महत्त्वाचे होते. पहिला नियम असा कीं आज केलेली गोष्ट उद्यां त्याच वेळीं करावयाची नाहीं. “डुक्कर मोजतें बरें बाळ,” आजोबा म्हणत. “रोज त्याच घटकेला डबा वाजविलास, तर तें तेवढा वेळ बाजूला उभें राहील आणि मग सावकाश जेवील.” म्हणून एके रात्रीं डबा, दुसऱ्या रात्रीं नुसती हांक, तिसऱ्या रात्रीं मुळींच आवाज न करतां अंधारांत एकदम टेंभा, असा क्रम ते बदलीत.

दुसरा नियम हांकेचा. एका माळ्यावरून हांक उठली कीं शेजारच्या माळ्यावरून तिला जाब मिळे, मग त्याच्या पलीकडून तिसरी हांक. दहा मिनिटांत सबंध शिवार जागें झाल्याचें जनावराला कळे. आणि तिसरा नियम सर्वांत मोठा : हांकावयाचें तें रानाकडे, शेजाऱ्याच्या शेताकडे नव्हे. ज्यानें आपलें भात वांचविण्यासाठीं डुक्कर दुसऱ्याच्या खाचरांत लोटलें, त्याला दुसऱ्या दिवशीं गांवांत तोंड दाखवितां येत नसे. ह्या सर्व व्यवस्थेला आमच्याकडे ‘जागल’ म्हणतात. जागल म्हणजे केवळ न झोपणें नव्हे. सर्वांनीं मिळून, पाळीपाळीनें आणि एकमेकांसाठीं जागणें.

ह्या जुन्या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें मात्र बरें नव्हे. जागल सुखाची नव्हती. थंडी, हिंवताप आणि विंचू-सर्प हे तिचे नित्याचे सोबती. पोटाला दाणे मिळावे एवढ्यासाठीं दुसऱ्याच्या शेतावर रात्री काढणारीं गरीब कुटुंबेंहि होतीं. पीक धन्याचें आणि जागरण त्यांचें. आश्विन-कार्तिकांत माझ्या वर्गांतील मागचे बांक रिकामे पडत, आणि जीं मुलें येत तीं दुपारीं बांकावरच डोकें टेकीत. तीं रात्रभर माळ्यावर असत, हें मला ठाऊक होतें. म्हणून ‘पूर्वींचें सारें चांगलें होतें’ असा निष्कर्ष मी काढणार नाहीं. त्या व्यवस्थेंतील कोणता भाग टाकावा आणि कोणता ठेवावा, एवढाच आपला प्रश्न आहे.

डुकराची गोष्ट झाली. वाघ-बिबळ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याशीं आमच्या आदिवासी बांधवांनीं एक वेगळाच करार केला होता. आश्विन वद्य द्वादशीला अन्यत्र वसुबारस होते. आमच्या डोंगरपट्ट्यांत महादेव कोळी आणि ठाकूर ती वाघबारस म्हणून पाळतात. गुराखी वाघोबाच्या स्थानीं जाऊन गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. वारली लोकांतहि वाघोबाची मोठी भक्ति आहे. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरावयाचा आणि वर चंद्र-सूर्य काढावयाचे, अशी त्या देवाची रीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मुंबई उपनगर, ठाणें आणि पालघर ह्या भागांत वाघोबाचीं दीडशेंहून अधिक स्थानें नोंदलीं गेलीं. पूजेनें बिबळ्या शेळी नेण्याचा थांबतो असें मी म्हणत नाहीं. पण रान हें दुसऱ्या कोणाचें तरी घर आहे, तेथें बेतानें वागावें आणि एखादी शेळी गेली म्हणून लगेच सूडाला उठूं नये, एवढी मर्यादा ह्या पूजेनें माणसालाच घातली. भीति राहिली, पण वैर वाढलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत ह्या विचाराला मोठा धक्का बसला. इंग्रजी अमलांत बंदूक हें सुधारलेलें उत्तर ठरलें. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें सामान्य रयतेच्या हातांतील शस्त्रांवर परवान्याचें बंधन आलें. उलट हिंस्र जनावरें मारणारांस सरकारी बक्षिसें मिळूं लागलीं. १८८२ साली निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत ह्या जिल्ह्यांतील वाघ-बिबळ्यांची नोंद आहे; तेव्हां वाघ आमच्या रानांत होता. महेश रंगराजन ह्या इतिहासकाराच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ऐशीं हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. आज शहापूर-मुरबाडच्या रानांत वाघाची वस्ती नाहीं. ह्यांतील विपरीत भाग असा कीं भाताचा एक दाणाहि न खाणारा आणि डुकरावर जगणारा वाघ बंदुकीनें संपविला, आणि भात खाणारें डुक्कर मागें राहिलें.

पुढें काळ बदलला. १९७० साली तानसा अभयारण्य झालें. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालें, त्याचा कांहीं भाग ठाणें जिल्ह्यांत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर बंदी आली. ही बंदी योग्यच होती, असें माझें मत आहे. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट शांतपणें घडत होती, आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तरुण माणसें कल्याण, भिवंडी आणि मुंबईच्या कामावर जाऊं लागलीं. पहाटेची गाडी गांठणाऱ्या मनुष्यानें रात्र माळ्यावर कशी काढावी? मुलें शाळेंत टिकूं लागलीं, हें तर आम्हां शिक्षकांचेंच यश. एकेक करून माळे मोडले. इकडे भातानंतर भेंडी-गवारीचीं शेतें होऊं लागलीं, त्यामुळें जनावराला वर्षाचे पुष्कळ महिने हिरवें ताट वाढलेलें मिळूं लागलें. राखण्याचा काळ वाढला आणि राखणारा निघून गेला. आजच्या सगळ्या अडचणीचें मूळ माझ्या मतें येथें आहे.

ह्या निघून गेलेल्या माणसाच्या जागीं काय ठेवावें, याचे प्रयोग मग सुरू झाले. कोणी शेताभोंवतीं रंगीबेरंगी जुन्या साड्या बांधल्या. कोणी न्हाव्याच्या दुकानांतील केस आणून बांधावर पसरले. डुकराची दृष्टि अधू आणि नाक तीक्ष्ण, तेव्हां माणसाच्या वासानें तें बिचकेल अशी कल्पना. कोणी चकचकीत फिती लावल्या, कोणी रात्रभर एकच ध्वनिमुद्रिका वाजत ठेवली. ह्यांतील प्रत्येक उपाय कांहीं रात्री चालतो आणि मग थांबतो. त्याचें कारण आजोबांनीं सांगितलेंच होतें. ज्या भीतीच्या मागून कांहींच येत नाहीं, ती भीति जनावर विसरतें. साडीच्या मागें बाई नाहीं आणि केसांच्या मागें माणूस नाहीं, हें त्याला चार रात्रींत कळून चुकतें.

कांहीं उपाय तर राखणाऱ्यावरच उलटले. वानरांना पळविण्यासाठीं प्लास्टिकच्या नळींत कार्बाइड आणि पाणी घालून मोठा बार काढण्याची युक्ति अनेक ठिकाणीं पसरली. २०२५ च्या दिवाळींत मध्यप्रदेशांत, विशेषतः भोपाळांत, तीच नळी खेळणें म्हणून मुलांच्या हातीं गेली आणि पुष्कळ मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानें केला तो, घरची वीज तारेंत सोडण्याचा. त्या तारेला डुक्कर कोणतें आणि शेजाऱ्याचा मुलगा कोणता, हें कळत नाहीं.

येथें एक भेद नीट समजावून सांगितला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळें जीव जातात. विजेचें कुंपण आणि वीज सोडलेली तार ह्या दोन अगदीं भिन्न वस्तु आहेत. कुंपणाचें यंत्र मुळांत गुरांसाठीं तयार झालें. १९३० नंतरच्या दशकांत न्यूझीलंडमधील बिल गॅलघर नांवाच्या गृहस्थानें त्याचा पाया घातला आणि तेथील गवताळ मुलखांत तें लोकप्रिय झालें. ह्या यंत्रांतून तारेंत वीज सतत वाहत नाहीं. साधारण सेकंदाला एक असा ठोका सुटतो. त्याचा दाब कांहीं हजार व्होल्टांचा असला तरी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ टिकतो. जनावराला सणसणीत झटका बसतो, पण दोन ठोक्यांच्या मधल्या वेळांत त्याला मागें सरतां येतें. घरच्या विजेचें तसें नाहीं. ती सतत वाहते, स्नायु आखडतात, धरलेली तार सोडतां येत नाहीं आणि प्राण जातो. एक वस्तु शिकविते, दुसरी मारते.

आतां हें यंत्र सूर्याच्या उन्हावर भरणाऱ्या बॅटरीवर चालतें, आणि २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेंत राज्य सरकारनें अशा सौर कुंपणास अनुदानाची सोय केली. तरी कुंपण उभारलें म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. डुकराच्या अंगावरचे राठ केस झटका अडवितात. तो त्याच्या ओल्या नाकाला बसला पाहिजे. म्हणून खालची तार जमिनीपासून जेमतेम वीतभर वर हवी. आणि आमच्या कोंकणपट्टींतील पावसांत तेवढ्या तारेला गवत चार दिवसांत भिडतें, ओल्या गवतांतून वीज जमिनींत उतरते आणि तार मुकी होते. रोज सायंकाळीं कोणींतरी कोयता घेऊन तारेच्या कडेनें फिरलेंच पाहिजे. म्हणजे यंत्रानें रात्रीची जागल संध्याकाळच्या फेरीवर आणली. पण फेरी घालणारा माणूस कांहीं चुकला नाहीं. मनुस्मृतींतील भोंकाचा नियम आजहि तितकाच खरा आहे.

डुकरावरून पुन्हां बिबळ्याकडे वळूं. ह्यासाठीं नाणेघाट चढून पलीकडे जुन्नरास गेलें पाहिजे, कारण तेथें घडलेली गोष्ट साऱ्या देशाला धडा देणारी आहे. जुन्नर भागांत ऊंस वाढला आणि बिबळ्या उंसांत राहूं लागला. १९९३ ते २००१ ह्या काळांत तेथें बिबळ्याचे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरीनें ४ होत. पुढें २९ बिबळे पिंजऱ्यांत धरून दूरच्या रानांत नेऊन सोडण्यांत आले. हेतु चांगलाच होता. कोणाला मारलें नाहीं आणि गांवाचीहि पीडा टळावी, असा तो विचार. पण विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं त्यानंतर हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली, हल्ल्यांत माणूस दगावण्याचें प्रमाण दुप्पट झालें, आणि जेथें बिबळे नेऊन सोडले होते त्या भागांजवळहि हल्ले वाढले. अनोळखी मुलखांत टाकलेलें जनावर बिथरतें, हें त्याचें एक संभाव्य कारण अभ्यासकांनीं सांगितलें आहे.

श्रोतेहो, आजोबांचा तिसरा नियम आठवावा. शेजाऱ्याच्या शेतांत लोटलेलें जनावर म्हणजे परतविलेलें जनावर नव्हे. जो नियम खाचराला लागू, तोच तालुक्यालाहि लागू झाला. न मारणें ही अर्धी गोष्ट; पीडा दुसऱ्याच्या दारीं न नेणें ही उरलेली अर्धी.

मग बिबळ्याला, सिंहाला दूर ठेवणारें असें कांहीं आहे काय? ह्याचें एक सुंदर उत्तर आफ्रिकेंतील एका मुलानें दिलें. केनियामध्यें नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला मसाई लोक गुरें पाळतात. रिचर्ड तुरेरे नांवाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडे बापाच्या गुरांची राखण होती. त्यानें आधीं शेकोटी पेटविली, मग बुजगावणें उभें केलें. सिंह दुसऱ्या रात्रींच बुजगावण्याला ओळखून बसला. एके रात्रीं तो बॅटरी हातांत घेऊन गोठ्याभोंवतीं फिरला, आणि सिंह आले नाहींत. त्यावरून त्याच्या ध्यानांत आलें कीं सिंह दिव्याला भीत नाहीं, हलत्या दिव्याला भितो. कारण हलत्या दिव्यामागें माणूस असतो. मग त्यानें मोडक्यातोडक्या सामानांतून आळीपाळीनें लुकलुकणारे दिवे गोठ्याभोंवतीं लावले. २०१३ साली हा मुलगा जगापुढें आला, आणि तसले दिवे पुढें अनेक देशांत गेले. त्या मुलानें आणि माझ्या आजोबांनीं एकच गोष्ट निरनिराळ्या खंडांत ओळखली होती.

आतां आपल्याकडेहि याहून पुढचीं यंत्रें आलीं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाच्या सीमेवरील सीतारामपेठ येथें २०२३ च्या सुमारास असे कॅमेरे लावण्यांत आले कीं जे वाघ ओळखतात आणि गांवकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर सूचना धाडतात. कौटिल्याच्या घंटेचें दुसरें काम तें हेंच. दुसऱ्या प्रकारचीं यंत्रें जनावराची हालचाल टिपतात आणि प्रत्येक वेळीं निराळा दिवा व निराळा आवाज काढतात. हा आजोबांचा पहिला नियम. उलट जेथें ह्या साऱ्या व्यवस्था अपुऱ्या पडतात, तेथें काय होतें तेंहि आपण पाहिलें. २०२५ साली पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत पिंपरखेड येथें बिबळ्याच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं, आणि त्यानंतर तेथील शेतकरी गळ्यांत खिळ्यांचा पट्टा घालून शेतावर जाऊं लागले. धनगर हा पट्टा आपल्या कुत्र्याच्या गळ्यांत घालतो. तो शेतकऱ्यानें स्वतःच्या गळ्यांत घालावा, ही गोष्ट हंसण्यासारखी नव्हे. आपण सर्वांनीं मान खालीं घालावी अशी आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं पुढें काय सांगितलें तें सांगून संपवितों. त्याला म्हटलें, “अरे, यंत्र घे; पण एकट्यासाठीं घेऊं नकोस. तुझ्या ओढ्याकांठच्या पट्टींत आठ जणांचीं खाचरें आहेत. आठांनीं मिळून एकच कुंपण घाला. संध्याकाळची फेरी पाळीपाळीनें लावा. दिव्यांच्या जागा दर तीन रात्रींनीं बदला. शेळ्यांना वरूनहि बंद असा गोठा करा. घरची वीज तारेंत सोडणाराला गांवानें थांबवावें. आणि ओढ्यावर येणारी जनावरांची वाट मोकळी ठेवा. पाण्याची वाट अडविली तर तीं तार तोडतील.”

आठांपैकीं सहा जण तयार झाले. पहिल्या वर्षीं त्या सहांचें भात बहुतेक वांचलें, आणि उरलेल्या दोघांच्या खाचरांचें मात्र मोठें नुकसान झालें. गांवांत भांडण लागलें. ते दोघे म्हणाले, डुकरें तुम्हींच आमच्याकडे लोटलींत. आणि श्रोतेहो, त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. माझा विद्यार्थी पुन्हां माझ्या ओसरीवर आला. ह्या वेळीं मला उत्तर ठाऊक होतें. त्या दोघांजवळ वर्गणीला पैसे नव्हते, हीच काय ती खरी अडचण होती. तेव्हां त्यांनीं पैशाऐवजीं फेरीच्या जास्त पाळ्या घ्याव्या, असें ठरलें. गेल्या हंगामांत कुंपण आठांभोंवतीं फिरलें. कळप एकदां आला. एका कोपऱ्यांत तार सैल पडली होती, तेथून शिरून त्यानें अर्धा गुंठा लोळविला. दुसऱ्या दिवशीं आठहि जण तो कोपरा बांधायला गेले होते.

जनावर न मारतां परतविण्याची विद्या दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीं. घंटा, हांक, गोफण, तार, दिवा आणि कॅमेरा हीं सारीं त्या जागत्या माणसाचीं हत्यारें आहेत. तीं त्याला थोडी झोंप मिळवून देतील आणि त्याच्या मुलाला शाळेंत पाठवितील. एवढें त्यांनीं केलें तरी पुष्कळ झालें. पण माणसाच्या जागीं तीं उभीं राहूं शकत नाहींत, आणि शेजाऱ्याच्या जागीं तर मुळींच नाहींत. माळे मोडले तरी हरकत नाहीं. एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जाणारी हांक तेवढी तुटूं देऊं नये.